सवारी तीच, अंतर बदललं

इंदूरमधल्या एका बँकेत मी वाहनकर्जाच्या टेबलावर बसते. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे दोन फायली पाठोपाठ आल्या. एक सुदामानगरातल्या मराठी काकांची. त्यांना तिसरी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची होती. नाशिक, जळगाव, सुरत, बडोदा इकडून आगगाडीने येणारे यात्रेकरू इंदूर स्टेशनवर उतरवून घ्यायचे, उज्जैनचा महाकाल आणि ओंकारेश्वर करवायचं, वेळ उरला तर महेश्वरचा घाट दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी परत गाडीत बसवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. एका फेरीत दोन ज्योतिर्लिंगं होतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. दुसरी फाइल देवासच्या एका तरुणाची. त्याच्या पाच मोटारी कंपन्यांकडे लागलेल्या. विमानतळावरून पाहुणे उचलायचे, पीथमपूरच्या कारखान्यांत न्यायचे, संध्याकाळी हॉटेलवर सोडायचे.

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत दोघांचीही चाकं थांबली. इथवर गोष्ट सरळ आहे. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात टॅक्सीवाला थोडेथोडे हप्ते भरू लागला होता, आणि काका एक गाडी विकायच्या गोष्टी करत होते. २०२३ मध्ये पाहावं तर सगळं उलटं! काका चौथ्या गाडीची चौकशी करायला आले, आणि टॅक्सीवाल्याने पाचातल्या दोन मोटारी काढून टाकल्या. शहर एक, साथ एक, तरी तीन वर्षांत पारडं दोनदा फिरलं. ते का, हे मी माझ्यापुरतं समजून घेतलं, तेच इथे मांडते आहे.

आधी देशाचे आकडे पाहू. पर्यटन मंत्रालयाच्या हिशेबात २०१९ साली देशांतर्गत पर्यटकांच्या फेऱ्या सुमारे २३२ कोटी होत्या. २०२० मध्ये त्या ६१ कोटींवर आल्या. २०२१ मध्ये सुमारे ६८ कोटी, २०२२ मध्ये १७३ कोटी, आणि २०२३ मध्ये २५० कोटी, म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही जास्त. कागदावर ही रेघ खाली जाते आणि वर येते, एवढंच दिसतं. पण ६१ कोटींकडे जरा नीट बघा. २०१९ च्या २३२ कोटींचे चार समान भाग केले तर एका तिमाहीला ५८ कोटी येतात. टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला, म्हणजे जवळजवळ पहिली अख्खी तिमाही नेहमीसारखी गेली होती. हंगामाचा फरक धरला तरी ढोबळ अर्थ हाच निघतो की त्या वर्षीचा बहुतेक प्रवास मार्चच्या आधीच होऊन गेला होता आणि उरलेले नऊ महिने जवळपास कोरडे गेले. त्यामुळे २०२१ ची ‘फक्त अकरा टक्के वाढ’ दिसते तेवढी किरकोळ नाही. मधे दुसरी लाट येऊनही त्या वर्षी लोक खरोखर घराबाहेर पडले होते.

ते गेले कुठे? याचं उत्तर टॅक्सीवाल्याने मला एका ओळीत दिलं होतं. २०२० च्या हिवाळ्यात तो हप्ता भरायला आला तेव्हा मी विचारलं, कंपन्या सुरू झाल्या वाटतं? तर म्हणाला, “नहीं मॅडम, अब तो घरवाले जा रहे हैं. सवारी वही है, दूरी बदल गई.” कंपनीच्या ज्या साहेबांना तो विमानतळावरून आणायचा, त्यांच्यासारखीच शहरातली कुटुंबं आता त्याची गाडी दिवसभरासाठी घेत होती. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायचं, मांडू किंवा महेश्वर बघायचं आणि रात्री घरी. चोरल, पातालपाणी, गुलावटचं कमळतळं ही नावं त्या हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात ऐकू येत होती. पातालपाणी इथून पस्तीसेक किलोमीटर आणि मांडू शंभरच्या आत. यातली निम्मी ठिकाणं इंदूरकरांनी शाळेच्या सहलीनंतर पाहिलेली नव्हती. मी स्वतः मांडूचा जहाजमहाल पंचवीस वर्षांनी पाहिला.

असं का होतं, याची गंमत प्रवासाच्या किमतीत आहे. किंमत म्हणजे तिकीट आणि हॉटेल असं आपण धरतो. साथीत तिच्यात आणखी दोन रकमा मिसळतात. एक भीतीची, म्हणजे डब्यात शेजारी कोण बसेल, हॉटेलात आधी कोण राहून गेलं असेल. दुसरी अडकून पडण्याची, आणि माझ्या मते हीच मोठी. आपण तिकडे असताना नियम बदलले, रेल्वे बंद झाली, तिथेच आजारी पडलो तर काय? ही दुसरी रक्कम अंतराबरोबर वाढत नाही, उडी मारते. रात्री आपल्या गाडीने घरी पोचता येईल तोपर्यंत ती जवळजवळ शून्य असते आणि त्यापुढे एकदम फुगते. म्हणून साथीत मागणी सगळीकडे सारखी आटत नाही. मोठ्या शहराभोवतीचं एक कडं हिरवं राहतं आणि त्याबाहेरचा प्रदेश सुकतो. मुंबई-पुण्याला लोणावळा-महाबळेश्वर, दिल्लीला कुमाऊँ-गढवाल, तसं आम्हाला मांडू-महेश्वर. अंदमान किंवा ईशान्येकडच्या राज्यांच्या वाट्याला असं कडं येतच नाही. तिथे पोचायलाच बहुतेकांना विमान लागतं.

सरकारी नियमही या किमतीतच धरायचे. हिमाचलने जुलै २०२० मध्ये पर्यटकांना दार उघडलं, पण चाचणीचा अहवाल आणि किमान पाच रात्रींचं बुकिंग मागितलं. म्हणजे शनिवार-रविवारला येणारा दिल्ली-चंडीगडचा माणूस बादच. त्या राज्याचा मोठा गिऱ्हाईक तोच. सप्टेंबरात ही अट गेली. पुढच्या जुलैत मनालीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, असे फोटो देशभर फिरले आणि केंद्राला लोकांना दटावावं लागलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘सूडाचं पर्यटन’ म्हटलं. मला ते नाव कधीच पटलं नाही. सूड कोणावर? माणसं दीड वर्ष दोन खोल्यांत कोंडली होती, थंड हवेला गेली.

आता भीतीचा नकाशा. तो रोगाच्या नकाशापेक्षा नेहमी मोठा असतो, आणि किती मोठा ते बघणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग निघाला तेव्हा आम्हा इंदूरकरांसाठी धोका ‘सुरत’ होता, फार तर ‘गुजरात’. परदेशातल्या माणसासाठी तो ‘भारत’ होता. सुरतेपासून हजार किलोमीटरवरच्या ताजमहालावर जाणारी तिकिटंही रद्द झाली. एप्रिल २०२० मध्ये इंदूर देशातल्या सर्वाधिक रुग्णांच्या शहरांपैकी एक होतं. आमच्या नजरेला अमुक मोहल्ला वाईट, तमुक ठीक असं बारीक दिसत होतं. नाशिकच्या माणसाला ‘इंदूर’ एवढंच दिसत होतं, आणि काकांबरोबर उज्जैनला जायचं तर उतरावं लागतं इंदूरला. सुदामानगरच्या काकांचं दुखणं इथूनच सुरू झालं. त्यांचा महाकाल ८ जूनपासून उघडा होता, पण त्यांचं गिऱ्हाईक शेकडो किलोमीटरवर, वयाने साठीच्या पुढचं, आणि येणार आगगाडीने.

त्या आगगाडीचं काय झालं हेही बघा. २०२० च्या मार्चअखेर प्रवासी गाड्या थांबल्या. १ जूनला परतल्या त्या दोनशे, आणि त्याही आरक्षणाच्या. जनरलच्या डब्यात बसून यात्रा करणारा माणूस कितीतरी महिने प्रवासातून पुसला गेला. शिवाय ज्येष्ठांची भाड्यातली सवलत, म्हणजे साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना पन्नास टक्के, ती २० मार्च २०२० पासून थांबवली आणि साथ गेली तरी पुढची कित्येक वर्षं परत आली नाही. यात्रेकरूंच्या धंद्यात असलेल्या माणसाला ही बातमी रुग्णसंख्येइतकीच महत्त्वाची. काका त्या काळात म्हणायचे, “ताई, माझ्या म्हाताऱ्या येतील हो, पण आधी त्यांची लेकरं त्यांना सोडायला हवीत ना!” साठीच्या पुढच्यांचं लसीकरण १ मार्च २०२१ ला सुरू झालं. काकांनी देवाला नारळ फोडला. तीन आठवड्यांत मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या बसगाड्या थांबवल्या.

हा भाग आम्हा इकडच्या मराठी माणसांना चांगलाच लागला. आमचं राहणं मालव्यात, पण कुलदैवत तिकडे. कोणाची तुळजाभवानी, कोणाचा जेजुरीचा खंडोबा, कोणाचं कोकणात आडगावचं देऊळ. लग्न झालं की जोडप्याने जायचं, मूल झालं की जावळाला जायचं. पर्यटनाच्या जाहिरातीत हा प्रवास कुठे दिसत नाही. पण देशाचा बराचसा प्रवास असलाच असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या बहात्तराव्या फेरीत, २०१४-१५ मध्ये, मुक्कामी प्रवासांमधले बहुतांश सामाजिक कारणांचे निघाले होते. नातेवाइकांकडे जाणं, लग्न, मयत. बर्फात फोटो काढायला जाणारे त्यामानाने मूठभर.

आणि दोन राज्यांची दारं दोन वेळांना उघडत होती. मध्य प्रदेशातली देवळं जून २०२० मध्ये उघडली. महाराष्ट्रातली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी उघडली. पंढरपूरची आषाढी तर दोन वर्षं अशी झाली की माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने गेल्या. म्हणजे मागणी इंदुरात तयार, पुरवठा तुळजापुरात बंद. अशा वेळी पैसा एका राज्यातून दुसऱ्यात सरकतो. आमच्या ओळखीच्या एका घराने नवस तुळजापूरचा बोलला होता, तो देवासच्या देवीच्या टेकडीवर तात्पुरती ओटी भरून पुढे ढकलला. देवासच्या नारळवाल्याला त्या वर्षी जे गिऱ्हाईक मिळालं ते खरं तर तुळजापूरचं.

मात्र ढकललेली मागणी आणि बुडालेली मागणी यांत फरक करायला हवा. साथ संपल्यावर कोणता प्रदेश किती वेगाने उठेल ते यावरच ठरतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नैनिताल राहिलं तर ते राहिलं. पुढच्या वर्षी कोणी दोनदा नैनितालला जात नाही. ती खोली, ती रात्र, ते उत्पन्न कायमचं गेलं. माझ्या नणंदेचंच उदाहरण घ्या. ती केंद्र सरकारच्या नोकरीत. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने योजना काढली की प्रवासाच्या सवलतीचे पैसे प्रवास न करता मिळतील, पण भाड्याच्या तिप्पट रकमेची, बारा टक्के किंवा जास्त जीएसटीची खरेदी करून दाखवायची. केरळची सहल ठरली होती, तिच्या जागी घरात मोठा फ्रीज आला. तो अजून आहे आणि केरळ अजून राहिलं आहे.

नवसाचं तसं नसतं. नवस साचतो. अस्थींचंही तसंच. दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांनी अस्थिकलश स्मशानातच सांभाळून ठेवले होते, रस्ते मोकळे झाल्यावर न्यायला. त्या प्रवासांना हंगाम नव्हता की सवलतीची वाट पाहणं नव्हतं. शंका फिटली की लोक निघाले. फक्त एक झालं, साचलेल्या फेऱ्या एकमेकींत मिसळल्या. २०२० मध्ये पंधरा-वीस माणसांत लग्न झालेलं आमच्या वाड्यातलं जोडपं जेजुरीला गेलं ते २०२२ मध्ये, मुलाच्या जावळालाच. भंडारा उधळून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “एका खर्चात दोन्ही उरकलं.” सरकारी हिशेबात एक फेरी बुडाली. पण गाडीत दोघांऐवजी अकरा जणं होती, त्यामुळे ट्रॅव्हलरवाल्याचं काहीच बुडालं नाही.

म्हणून २०२२ पासून काकांची भरभराट. त्यांचं गिऱ्हाईक आटलं नव्हतं, तुंबलं होतं. टॅक्सीवाल्याच्या बाबतीत उलट झालं. सवय लागल्यावर इंदूरकरांनी स्वतःच्या गाड्या काढल्या (माझ्या टेबलावर कारच्या फायलींचा ढीगच होता), आणि कारखान्यांत येणाऱ्या साहेबांना कळलं होतं की निम्म्या बैठका व्हिडिओवर होतात. त्याची मागणी ढकलली गेली नव्हती. तिचं रूपच बदललं होतं.

परदेशी पाहुण्यांवर उभे असलेले प्रदेश यांत तिसरेच. २०१९ मध्ये देशात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले, २०२० मध्ये २७ लाख, २०२१ मध्ये १५ लाख. बघा, २०२१ मध्ये देशी पर्यटक वाढला आणि परदेशी आणखी घटला. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ पर्यंत बंदच होती. आमच्याच राज्यात उज्जैन आणि खजुराहो यांची दैवं इथे वेगळी झाली. खजुराहो दिल्ली-आग्रा-ओरछा-वाराणसी या परदेशी माळेतला मणी. माळ तुटली, आणि खजुराहोला शनिवारी गाडी काढून येईल असं दहा-वीस लाखांचं शहरही जवळ नाही.

याची दुसरी बाजू केरळात दिसते. परदेशी बंद झाले तसे परदेशी जाणारे भारतीयही बंद झाले. २०१९ मध्ये २ कोटी ६९ लाख भारतीय देशाबाहेर गेले होते, २०२० मध्ये अवघे ७३ लाख. बँकॉक-दुबईचं बजेट हाताशी असलेली ही मंडळी देशातच फिरायला लागली, काश्मीरला, गोव्याला, केरळला. (मालदीवने जुलै २०२० मध्येच दार उघडलं, आणि त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तिथे सर्वांत जास्त पाहुणे भारतीय होते. पैसेवाल्यांना अडवणं सोपं नसतं.) केरळात २०२२ साली देशी पर्यटक १ कोटी ८८ लाख, २०१९ पेक्षा अडीच टक्क्यांहून थोडे जास्तच. परदेशी मात्र सुमारे साडेतीन लाख, पूर्वी बारा लाखांच्या जवळ होते. एकूण माणसं मोजली तर सगळं जवळजवळ पूर्ववत. पण आयुर्वेदाच्या उपचारासाठी दोन आठवडे राहणारा जर्मन आणि तीन रात्रींत मुन्नार-अलेप्पी उरकून, जादा गादी मागून, पोळीभाजी कुठे मिळेल विचारणारं आपलं पाच जणांचं कुटुंब, या दोघांना एक धरून कसं चालेल? हॉटेलवाल्याच्या दृष्टीने प्रदेश तोच, धंदा दुसरा.

एक गोष्ट मात्र जपून बोलायला हवी. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात ११ कोटी २१ लाख पर्यटक आल्याची नोंद आहे, त्यांतले ५ कोटी २८ लाख एकट्या उज्जैनला. आदल्या वर्षी सबंध राज्याचा आकडा ३ कोटी ४१ लाख होता. हे साथीतून उठणं आहे का? थोडंसंच. ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोकचं, म्हणजे मंदिराभोवती उभारलेल्या नव्या परिसराचं, उद्घाटन झालं आणि उज्जैनची गोष्टच बदलली. साथ आली नसती तरी हे झालंच असतं, कदाचित लवकर झालं असतं. शिवाय हे आकडे माणसांचे नाहीत, फेऱ्यांचे. काकांची एक म्हातारी उज्जैनला मोजली जाते, दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वरला पुन्हा मोजली जाते. १४० कोटींच्या देशात २५० कोटी पर्यटक होतात ते असे. गर्दीच्या देवस्थानी डोकी मोजतात ती अंदाजाने, आणि प्रत्येक राज्याची पद्धत आपापली. त्यामुळे दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवून कोण लवकर सावरलं हे सांगणाऱ्या बातम्या मी अर्ध्यावर सोडते. एकाच ठिकाणाची आधीची आणि नंतरची वर्षं लावली तर काही कळतं, तेही मधे नवा रस्ता, नवं विमान किंवा नवं लोक उभं राहिलं नसेल तर.

कर्ज देणाऱ्याने यातून काय बघायचं, हा माझा रोजचा प्रश्न आहे. पूर्वी मी विचारायचे, महिन्याला किती फेऱ्या? आता आधी विचारते, गिऱ्हाईक कुठून येतं, कशाने येतं, आणि वय काय? काकांची चौथ्या गाडीची फाइल मी पुढे पाठवली. २०२८ च्या उज्जैनच्या सिंहस्थापर्यंत आणखी दोन घ्यायचा त्यांचा विचार आहे. परवा आले तेव्हा मी तेच तीन प्रश्न विचारले. म्हणाले, निम्मे अजून नाशिक-जळगावचेच. आणि बाकीचे?

“बाकीचे इथलेच हो ताई, विजयनगर, राजेंद्रनगर. सोमवारी सकाळी जातात, दुपारी परत. गेल्या साथीत हे मला ओळखतही नव्हते.”

या इथल्या निम्म्यांसाठी काकांना टेम्पो ट्रॅव्हलर नको, सात जणांची लहान गाडी हवी आहे. कोटेशन घेऊन बुधवारी येतील.